सातव्या प्रकरणातला उपास

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता, लातूरच्या एका प्रकाशनाच्या वाचन समितीनं ‘बुधवारचा देव’ या कुमार कादंबरीचं सातवं प्रकरण एकमतानं नामंजूर केलं. समितीत तिघे होते. एकानं हस्तलिखित पूर्ण वाचलं होतं, एकानं अर्धं. तिसरे म्हणजे प्रकाशनाचे मालक. ते वाचत नाहीत, हातात धरून जाडी बघतात. लेखिका करुणा सोनकांबळे, कंधारच्या सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका, बैठकीला हजर होत्या. बैठकीचं टिपण मी लिहिलं.

त्या टिपणात एक वाक्य खोटं आहे. ते पुढे येईल.

मी सव्वीस वर्षं नांदेडला एका दैनिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं कापणारा आणि त्यातल्या चुकांबद्दल बोलणी खाणारा माणूस. बातमीत नाव आलं की ते दोन ठिकाणांहून तपासायचं, ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याची बाजू विचारायची, विशेषणं काढायची. या तीन कामांवर माझा संसार चालला. निवृत्तीनंतर लातूरला मुलीकडे आलो आणि गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतल्या या प्रकाशनात संपादक म्हणून बसलो. प्रकाशनाचा मुख्य माल म्हणजे शिकवणी वर्गांसाठीचे प्रश्नसंच. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. प्रश्नसंचांवर अप्पांचं घर चालतं आणि वर्षाला चार-पाच मुलांची पुस्तकं काढून त्यांना पुण्य लागतं, अशी त्यांची समजूत आहे.

कुमार कादंबरी म्हणजे साधारण बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठीची कादंबरी. ती या वयाच्या मुलांनी विकत घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. ती शाळेचं ग्रंथालय घेतं, आणि ग्रंथालयानं घ्यावी म्हणून ती मुख्याध्यापकाला आवडावी लागते. त्यामुळे आमच्याकडे येणारी बहुतेक हस्तलिखितं पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी लिहिलेली असतात. नायक गरीब असतो. तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो. त्याचा एक श्रीमंत मित्र असतो. तो आधी हिणवतो, मग ओशाळतो, मग मिठी मारतो. शेवटच्या प्रकरणात नायक लाल दिव्याच्या गाडीतून गावात येतो आणि गुरुजींच्या पाया पडतो. गाड्यांवरचे लाल दिवे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कादंबऱ्यांतले अजून चालू आहेत.

एका निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांच्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात बाप मेला, पाचव्यात आई मेली, सहाव्यात बैल मेला. मी विचारलं, “बैल कशासाठी?”

ते म्हणाले, “आई गेली तरी बायकोला रडू येईना. बैल मारला तवा कुठं आलं.”

एका शिकवणी वर्गाच्या संचालकांना दोन मित्रांची कादंबरी हवी होती. एक मित्र त्यांच्या वर्गाला जातो आणि डॉक्टर होतो. दुसरा जात नाही. “दुसऱ्याचं काय होतं?” असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, “ते तुमच्यावर सोडलं. पण बरं नको.”

या सगळ्यांत भूक असते. ती प्रकरणाच्या सुरुवातीला लागते आणि शेवटी कोणीतरी थोर माणूस ती भागवतो. भुकेल्या माणसाचा स्वभाव कसा असतो, तो खोटं कसं आणि किती बारकाईनं बोलतो, हे त्यांत कुठेच नसतं. कारण लिहिणाऱ्याला भूक नको असते, थोर माणूस हवा असतो.

करुणाताईंचं हस्तलिखित दोनशे पानी वहीत, निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या: मी परिचारिका आहे. यात माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची गोष्ट आहे. नावं बदलली आहेत. या लेखात मी खरी नावं वापरतो आहे, ती दोघींच्या परवानगीनं.

गोष्ट कंधारमधल्या दोन मुलींची. करुणाचे वडील एसटीत कंडक्टर. घर बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव आणि उपास दोन्ही गेले. उषाचं घर गावाच्या कडेला, विहिरीची जमीन, ट्रॅक्टर, घरात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी. दोघी सातवीपासून एका बाकावर. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या लिंबाखाली करुणा डबा उघडायची आणि उषा म्हणायची, “मला उपास हाय.”

सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी लक्ष्मीचा, शनिवारी मारुतीचा. एकदा करुणानं विचारलं, “अन् बुधवारी कोणता देव?” उषा थोडी थांबली आणि म्हणाली, “बुधवार पांडुरंगाचा.” करुणाला हे खरं वाटलं. तिच्या घरात तपासायला कॅलेंडरवरचे उपासही कोणी बघत नव्हतं. तिच्या आईलाही खरं वाटलं. “त्यांच्यात लई देव असतात, बाई,” आई म्हणाली. “एकेकाला एकेक वार द्यावा लागत असंल.”

सातवं प्रकरण असं आहे. नववीचं वर्ष. करुणाच्या आईला वाटतं, पोर दिवसभर उपाशी बसते, उपासाला चालेल असं काहीतरी द्यावं. ती शेंगदाणे भाजून, गूळ घालून चार लाडू करते. सोमवारी करुणा वर्गातच तो डबा उषापुढे धरते. शेजारच्या बाकावर उषाची चुलत बहीण सुमी बसलेली असते. उषा डब्याकडे बघते, सुमीकडे बघते आणि मोठ्यानं म्हणते, “तुमच्या घरचं उपासाला चालत न्हाई.”

त्या वाक्याचा अर्थ त्या वर्गातल्या प्रत्येकाला कळतो. करुणा डबा बाकावर पालथा करते, रिकामा डबा दप्तरात टाकते आणि सगळ्यांसमोर म्हणते, “मग मर उपाशी.”

त्यानंतर दोघी दहावी संपेपर्यंत बोलत नाहीत.

वाचक इथपर्यंत करुणाच्या बाजूनं असतो. मग प्रकरणाच्या दुसऱ्या भागात तो काळ ओलांडून दवाखान्यात येतो. करुणा आता परिचारिका. सुमी आपल्या आईला, म्हणजे उषाच्या काकूला, घेऊन दवाखान्यात येते. जुनी ओळख निघते. सुमी हसत हसत सांगते, “उषीचा कसला आला उपास? तिच्या मायला माहेरी धाडलं तवापासून आमची आई तिला सकाळचं वाढतच नव्हती. कोठीची किल्ली कमरेला. म्हणायची, तुझ्या वाट्याचं तुझी माय खाऊन गेली. अन् कोणाच्या घरी खाल्लं असं कळलं तर रातचं बी बंद.”

करुणानं सुमीच्या आईला सलाइन लावलं. हे कादंबरीत आहे आणि प्रत्यक्षातही झालं.

म्हणजे भरल्या घरातली मुलगी तीन वर्षं दुपारची उपाशी होती. तिनं देवांच्या नावानं ते झाकलं. जिच्यापुढे झाकलं तिला ते देव माहीत नव्हते, म्हणून ते झाकलं गेलं. आणि ज्या दिवशी तिला खायला मिळत होतं त्या दिवशी घरी कळू नये म्हणून तिनं जे वाक्य वापरलं, त्यानं मैत्री मोडली.

हे वाचताना मी काय केलं ते सांगतो. पहिल्या वाचनात, सुमी दवाखान्यात येण्याच्या आधीच्या पानावर, मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: ‘नावांची अदलाबदल झाली आहे काय? उपाशी कोण? तपासावे.’ आणि फोन लावला.

“अदलाबदल न्हाई, सर,” करुणाताई म्हणाल्या. “डबा माझा होता.”

“बरं.”

“तुम्हाला कामून वाटलं अदलाबदल झाली?”

माझ्याकडे उत्तर होतं. कंडक्टरची बौद्ध मुलगी जेवते आणि बागायतदाराची मुलगी उपाशी राहते, हे मला चूक वाटलं होतं. लेखिकेची चूक. मी म्हणालो, “सहज,” आणि फोन ठेवला. समासातली ओळ खोडरबरानं पुसली. वहीत तिचा वळ अजून दिसतो.

इथे थांबलो असतो तर नुकसान एवढ्यावर भागलं असतं. पण सव्वीस वर्षांची सवय होती. कादंबरीत एका जिवंत माणसाबद्दल गंभीर विधान आहे. ते एका साक्षीदाराच्या सांगण्यावर आहे. त्या माणसाची बाजू घेतलेली नाही. कादंबरीला दुसरी बाजू विचारायची नसते, हे मला माहीत होतं. तरी मी ती विचारायला निघालो. उषाताईंना लातूरजवळच्या मुरुडला दिलंय आणि सासरचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, एवढं करुणाताई मागे बोलल्या होत्या. उषाताईंना भेटायचं धाडस झालं नाही म्हणून तर करुणाताईंनी कादंबरी लिहिली. मी त्यांना न विचारता दुकानाचा नंबर मिळवला आणि सकाळी अकराला लावला.

“हां, कोणतं बियाणं पाहिजे?” दुकानदार म्हणाले. ते उषाताईंचे यजमान होते.

मी प्रकाशनाचं नाव सांगितलं. एका पुस्तकात तुमच्या मिसेसच्या लहानपणाचा उल्लेख आहे असं सांगितलं. आणि बातमीदाराच्या स्वच्छ आवाजात विचारलं, “शाळेत असताना त्यांना घरी जेवायला मिळत नव्हतं, असं त्यात आलंय. ते खरं आहे का, एवढंच हवंय.”

फोन स्पीकरवर होता. त्यांचे हात पोती मोजण्यात अडकले असावेत. पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक हसलं.

“कोण बोलायलात तुम्ही? पेपरवाले का?”

“पूर्वी होतो.”

“मग आता कोण?”

मी ‘संपादक’ म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. तासाभरात अप्पांचा फोन वाजला. मुरुडहून दमदार आवाजात सांगण्यात आलं की आमच्या घरातल्या बाईची बदनामी छापाल तर तुमच्या दुकानासमोर येऊन बसेन.

अप्पा माझ्या टेबलाशी आले. “पेपरवाले, कादंबरीची चौकशी करतात का कुठं? गोष्ट हाय ती. गोष्टीला काय पंचनामा लागतो?”

त्या गुरुवारची बैठक यासाठी होती. करुणाताई पहाटेच्या एसटीनं निघून अकराला पोचल्या. मुख्याध्यापक, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, पूर्ण हस्तलिखित वाचलेले सभासद हेच. त्यांनी सुरुवात केली.

“बाई, भाषा चांगली आहे. पण पाटिलकीच्या घरात पोती थप्पीला लागलेली आणि पोरगी उपाशी? मुलांना पटणार नाही. आमच्या शाळेत अशी एकही केस नव्हती.”

“सर, असती तरी तिनं तुम्हाला उपासच सांगितला असता,” करुणाताई म्हणाल्या.

दुसऱ्या सभासद प्राध्यापिका होत्या, अर्धं वाचलेल्या. मराठवाड्यातल्या ग्रामीण साहित्यावर त्यांचा प्रबंध आहे. त्या अतिशय मऊ आवाजात बोलल्या. “तुमची पार्श्वभूमी लक्षात घेता मला असं जाणवलं, की तुम्ही स्वतःच्या वेदनेपासून पळ काढला आहे. उपाशी मुलगी तुम्ही आहात. ती तुम्ही मैत्रिणीवर ढकललीत. ते परत आपल्याकडे घ्या. तुमचंच आहे ते.”

“माझं न्हाई.”

“लेखकाला ते कळत नसतं.”

“मॅडम, मी काय जेवले ते मला कळतं.”

अप्पांनी मध्ये हात घातला. त्यांना वाद नको होता, तोडगा हवा होता, आणि तो त्यांनी आणलाच होता. “हे बघा ताई, सोपं हाय. दोघींची नावं उलटी करा. गरीब पोरगी उपाशी, पाटलाची पोरगी लाडू घेऊन येती. मुरुडवाल्याची तक्रार मिटली, सरांना पटलं, मॅडमना वेदना भेटली. कोणाच्या भावना दुखत न्हाईत. अन् शेवटी दोघी मिळून लाडू खातात असं दाखवा. झाडाखाली. नाव बी बदलू, ‘मैत्रीचे अमृत’.”

मुख्याध्यापक म्हणाले, “हे जास्त खरं वाटेल.”

करुणाताईंनी वही स्वतःकडे ओढली. त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणून मला तेव्हाच लिहून घेता आलं.

“माझ्या बापानं तीस वर्षं बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली. मला एक दिवस उपाशी ठेवलं न्हाई. तुमच्या खरं वाटण्यापायी मी त्याच्या घरात उपासमार लिहू का? अन् ही गोष्ट मी कामून लिहिली? उपाशी पोरीला मी भर वर्गात ‘मर उपाशी’ म्हणले म्हणून. तेवढंच सांगायचंय मला तिला. तुम्ही उलटं केलं की मी लाडूवाली न्हाई, उपाशी होते. मग माफी कोण मागायची? तिनं?”

चहा आला. प्राध्यापिकाबाईंनी ‘फार प्रामाणिक’ असं काहीतरी म्हटलं. मग करुणाताईंनी विचारलं, “मुरुडवाल्यांना कळलं कसं?”

अप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

“फोन तुम्ही केला, सर?”

“हो.”

“मला न विचारता?”

“हो.”

“वीस-बावीस वर्षं मी तिला तोंड दाखवायला भ्याले,” त्या म्हणाल्या, “अन् तुम्ही बियाण्याच्या दुकानात ओरडून सांगितलं.”

प्रकरण नामंजूर झालं. महिन्याभरात बदल करून द्यावा, नाहीतर वही घेऊन जावी, असा निर्णय झाला. टिपणात अप्पांच्या सांगण्यावरून मी लिहिलं: ‘लेखिकेनं फेरविचारासाठी मुदत मागितली.’ त्यांनी काहीही मागितलं नव्हतं. नोकरीत इतरांची खोटी वाक्यं माझ्या हाताखालून पुष्कळ गेली. हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं.

चौथ्या दिवशी मी करुणाताईंना फोन केला. मुरुडला जाऊन प्रकरण उषाताईंना दाखवू का, असं विचारलं. वृत्तपत्रात हे पाप आहे. ज्याच्यावर लिहिलं त्याला छापण्याआधी मजकूर दाखवत नाहीत.

“जा,” त्या म्हणाल्या. “आता झाकायचं काय राहिलं? पण वाचायला द्या. तुम्ही सांगू नका.”

मुरुडचं दुकान बाजारपेठेत आहे. पेरणीच्या आधीची गर्दी होती. यजमानांनी मला ओळखलं नाही, आवाज ओळखला. “आलात व्हय पेपरवाले,” म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. तासभर मी खताच्या पोत्यावर बसून होतो. गर्दी ओसरल्यावर त्यांनी आत हाक मारली. दुकानामागेच घर आहे.

उषाताई पदराला हात पुसत आल्या. मी प्रकरणाचे झेरॉक्स काढलेले कागद पुढे केले. “करुणा सोनकांबळे यांनी लिहिलंय,” एवढंच म्हणालो.

“करुणा? कंडक्टरच्या घरची?”

“हो.”

त्या गल्ल्याशी उभं राहून वाचू लागल्या. यजमान हिशेबाची वही उघडून बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही. एक शेतकरी सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारायला आला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. उषाताईंनी लाडवांचं पान दोनदा वाचलं. दवाखान्याचं पान वाचताना कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“हे चुकलंय.”

मी वही काढली. सवय.

“इथं लिहिलंय, दुसऱ्या दिशी बाकावर मुंग्या होत्या. कशाच्या मुंग्या? लाडू मी खाल्ले. सगळे पांगल्यावर. पाण्याच्या टाकीमागं बसून. चारी.”

“चारी?” यजमान म्हणाले.

“हाव. अन् रातची भाकर बी मिळाली. सुमीनं घरी सांगितलं ना, हिनं त्यांचं खाल्लं न्हाई म्हणून. काकू खूश झाली. त्या दिशी दोन भाकरी वाढल्या.” त्यांनी कागद गल्ल्यावर ठेवले. “करुणाची माय मला एकदा भाजीचा डबा देत होती, घरी न्यायला. तो बी घेतला न्हाई. डबा रिकामा परत देत न्हाईत. मी कशानं भरणार होते?”

यजमानांनी वही मिटली. “मला कधी सांगितलं न्हाईस.”

“तुम्ही विचारलं का? लग्न होऊन आले तवापासून तुमची आई बोलते, ही एक वार धरत न्हाई, हिला देव न्हाई, धर्म न्हाई. तुम्ही बी मान हलवता.”

शेतकऱ्यानं पुन्हा भाव विचारला. यजमानांनी त्याला भाव सांगितला, पिशवी दिली, सुट्टे दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “छापा. दुकानाचं नाव नको.”

उषाताईंनी गल्ल्यावरचं पेन घेतलं आणि समासात लिहिलं: ‘लाडू मी खाल्ले. चार होते.’ खाली सही केली, पूर्ण नावानं. मी निघताना त्या म्हणाल्या, “तिला सांगा, ते ‘चालत न्हाई’ म्हणलं ते सुमीला ऐकू जायला म्हणलं. तिला न्हाई.”

मी म्हणालो, “ते तुम्ही सांगा. मी फोन करणं सोडलंय.”

त्या हसल्या. मुरुडमध्ये मला मिळालेलं तेवढंच.

अप्पांपुढे मी तो कागद ठेवला. त्यांनी सही बघितली, पाठपोट बघितली. “लेखी दिलं?” म्हणाले. “मग आपल्याला काय.” ज्या भावना इतके दिवस दुखत होत्या त्या एका सहीनं बऱ्या झाल्या. समितीची पुन्हा बैठक झाली नाही. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला की त्यांचं मत कायम आहे. त्यांच्या मताचा मान राखण्यासाठी अप्पांनी हजाराऐवजी तीनशे प्रती काढल्या आणि शाळांना पाठवायच्या यादीत पुस्तक घातलं नाही. करुणाताईंनी मुंग्यांचं वाक्य काढलं. त्या जागी उषाताईंची दोन वाक्यं आहेत, जशीच्या तशी.

पुस्तकावर एक परीक्षण आलं. त्यात लिहिलं होतं, ‘लेखिकेनं बालपणी स्वतः भोगलेल्या उपासमारीचं दाहक चित्रण सातव्या प्रकरणात आहे.’ खाली नाव एका डॉक्टरेट मिळवलेल्या गृहस्थांचं. प्रकरण सोळा पानांचं आहे. त्यात डबा कोणाचा हे अकरा ठिकाणी आलंय, मी मोजलं. खुलासा पाठवला. छापला गेला नाही. त्याच परीक्षणाचं कात्रण घेऊन मुख्याध्यापक अप्पांकडे आले आणि म्हणाले, “बघा, मी सांगत होतो तेच केलं ना शेवटी बाईंनी.” अप्पा हो म्हणाले. कात्रण आता ऑफिसात काचेखाली लावलं आहे.

माझं स्वतःचं नाव पुस्तकात आभारांत यायचं होतं. ते मी काढायला लावलं. समासातला पेन्सिलीचा वळ असलेली वही करुणाताईंना परत दिली. त्यांनी तो पाहिला असणार. त्याबद्दल त्या बोललेल्या नाहीत.

पुढची माहिती दोघींना वेगवेगळं विचारून घेतली आहे आणि ती जुळते.

पुस्तकाची पहिली प्रत टपालानं मुरुडला गेली. उषाताईंनी पोचल्याचा फोन केला तो लातूरला नाही, कंधारला. त्यानंतरच्या आठवड्यात करुणाताईंनी एक दिवसाची रजा टाकली आणि एसटीनं मुरुडला गेल्या. सोबत स्टीलचा डबा होता. त्यात शेंगदाण्याचे चार लाडू होते. वार सोमवार होता. दोघी दुपारी दुकानामागच्या घरात जेवल्या. सासूबाई घरात होत्या. संध्याकाळच्या गाडीनं करुणाताई परतल्या, तेव्हा डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी होती.